स्टोअरच्या ताई आणि त्यांचा कामणदुर्ग

ताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या लटकलेल्या होत्या. वसईकडच्या सातिवलीत ज्या गाळ्यात आम्ही कंपासपेट्या बनवायचो, तिथल्या स्टोअरच्या दारावर एक लोखंडी पट्टी होती. त्या पट्टीत दोन्ही हातांची तीन-तीन बोटं अडकवलेली, पाय जमिनीपासून वीतभर वर, साडीचा पदर कमरेला खोचलेला, आणि नजर समोरच्या भिंतीवर. मला नोकरीला लागून एकच दिवस झाला होता. पॅकिंगसाठी पुठ्ठ्याचे बॉक्स हवे होते म्हणून सुपरवायझरनं चिठ्ठी देऊन मला स्टोअरला पाठवलं होतं. ती चिठ्ठी हातात धरून मी दारात तशीच उभी राहिले. मान न वळवता त्या म्हणाल्या, "टेबलावर ठेव. माझे अजून पंधरा आकडे राह्यलेत."

पंधरा आकडे मोजून त्या खाली उतरल्या, पदर सोडला, चिठ्ठीवरची सही वाचली आणि बॉक्स मोजून दिले. लटकण्याबद्दल एक अक्षर नाही. पॅकिंगच्या मुलींना विचारलं तर त्यांना त्यात काही नवल उरलं नव्हतं. ताई रोज चहाच्या सुट्टीत लटकतात, दर रविवारी डोंगरावर जातात आणि सोमवारी खरचटलेल्या हातांनी कामावर येतात, एवढं त्यांनी सांगितलं. ताईंचं वय तेव्हा एक्कावन्न होतं. माझं सव्वीस. मी बार्शीकडची. लग्न होऊन विरारला चंदनसारला राहायला आले होते. आमच्या गावाकडे सपाट जमीन आणि वर आभाळ, मध्ये काही नाही. डोंगर ही चढायची गोष्ट असते हे मला माहीतच नव्हतं.

ताई मूळच्या वसईजवळच्या होळी गावच्या. तिथं त्यांची केळीची आणि पानवेलीची वाडी. लग्न केलं नाही. धाकट्या भावाच्या कुटुंबात राहायच्या आणि घरात वाडीवर जी भाषा बोलतात तीच थोडी धुऊन-पुसून कारखान्यात बोलायच्या. 'पाणी'ला 'पानी' म्हणायची सवय त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही, सोडावी असं त्यांना वाटलंही नाही. लहानपणी सुपारीच्या झाडाच्या शेंड्यावर चढायचं, झाड झुलवायचं आणि झोक्यासरशी शेजारचं झाड पकडायचं, हे त्या काकांचं बघून शिकल्या. खाली न उतरता अख्खी रांग पार करायच्या. पुढे अठराव्या वर्षी मुंबईतल्या हौशी गिर्यारोहकांकडे प्रस्तरारोहण शिकवतात असं त्यांच्या कानावर आलं आणि त्यांनी नाव घातलं. घरी सांगितलं, शिवणाचा क्लास लावलाय.

रविवारी सकाळी साडी नेसून निघायच्या, पिशवीत भावाची पँट. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग एके दिवशी आईनं ब्लाउजपीस हातात ठेवला आणि म्हणाली, एवढं शिकलीस तर माझं एक शिवून दे. ताईंनी आठ दिवस काढले आणि गुपचूप पापडी गावच्या शिंप्याकडून ब्लाउज शिवून आणला. आईनं तो उलटा करून टाके बघितले. ताई ही गोष्ट सांगायच्या तेव्हा आईच्याच आवाजात सांगायच्या: "ह्यो पापडीच्या शिंप्याचा हात हाय. तू जातेस कुठं ते सांग." ताईंनी सांगितलं. आईनं ब्लाउज घडी करून ठेवला आणि म्हणाली, पँट तरी स्वतःची घे, भावाची मळवू नको.

त्यानंतर पन्नास वर्षं त्यांचा एकही रविवार घरी गेला नसेल. तुंगारेश्वरच्या रानातले कातळ, कामणदुर्ग, टकमक, कोहोज, आशेरी हे त्यांचे नेहमीचे डोंगर. हिमालयात त्या दोनदा जाऊन आल्या होत्या, पण त्याबद्दल फारसं बोलायच्या नाहीत. तिथं थंडी असते एवढंच सांगायच्या. शिखरांची नावं, उंचीचे आकडे, फोटो, यांतलं काही त्यांच्याकडे नव्हतं. पाठीवरच्या पिशवीत पाणी, दोर, आणि केळीच्या पानात बांधलेली घरची सुकेळी. त्या वाळवलेल्या केळ्यांवर त्या दिवस काढायच्या. नवीन माणसाला शिकवताना त्यांचं एकच सांगणं असे. आधी पाय ठेवायचा, तो बसला का बघायचं, आणि मग वजन टाकायचं. "आधी वजन टाकलंस तर तो पाय नाय," त्या म्हणायच्या, "तो नवस."

दोराच्या बाबतीत मात्र त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. महिन्यातून एकदा वाडीतल्या बावखलात, म्हणजे पाणी साठवायच्या तळ्यात, त्या दोर बुडवून धुवायच्या आणि केळीच्या सावलीत पसरायच्या. त्याच्यावर कोणाचा पाय पडला की घरात आरडाओरडा. एकदा त्यांनी तो दोर कारखान्यात आणून स्टोअरच्या कोपऱ्यात ठेवला होता, संध्याकाळी कामावरून परस्पर निघायचं होतं म्हणून. दुपारी त्या जेवायला गेलेल्या असताना टेम्पोवर माल बांधायला दोर हवा होता. कुणीतरी तोच उचलून नेला. संध्याकाळी टेम्पो परत आला, दोर नीट गुंडाळून जागेवर ठेवला गेला. त्याला काही झालेलं दिसत नव्हतं. ताईंनी तो इंचाइंचानं हातातून सरकवून पाहिला आणि मग पुठ्ठा कापायची मोठी कात्री घेऊन त्याचे दहा-दहा फुटांचे तुकडे केले. आम्ही सगळ्या बघत उभ्या होतो. सुपरवायझर म्हणाला, अहो, चांगला होता की. त्या म्हणाल्या, "ह्याचा एक दिवस कसा गेला ते मला म्हाईत नाय. मग ह्याच्यावर मी मानूस कसा लटकवू?" ते तुकडे त्यांनी आम्हाला वाटून टाकले, कपडे वाळत घालायला. नवीन दोर मिळेपर्यंत चार महिने त्या अवघड कातळांकडे फिरकल्या नाहीत, नुसत्या पायवाटांनी हिंडल्या.

मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा गेले ती कामणदुर्गावर. का गेले ते आता नीट आठवत नाही. नवं लग्न, नवं गाव, रविवार खायला उठायचा. त्यांनी विचारलं, येतेस का, आणि मी हो म्हणाले. वसईहून बसनं कामणला उतरलो आणि चालायला लागलो. रान संपेपर्यंत मजा वाटली. माथ्याच्या थोडं खाली कातळाचा एक टप्पा आहे. फार उंच नाही, हाताला खोबण्याही आहेत, पण डाव्या अंगाला दरी एकदम उघडते. ताई दोर न लावता वर गेल्या आणि वरून त्यांनी माझ्यासाठी दोर सोडला. मी अर्ध्यावर पोचले, डावीकडे बघितलं आणि तिथंच थिजले. हात सुटेनात, पाय हलेनात. वर जाता येईना आणि खालीही येता येईना.

ताईंनी मला हाका मारल्या नाहीत. वरच्या दगडाला दोर पक्का बांधून त्या माझ्याशेजारी उतरल्या, मला कातळातल्या एका अरुंद कट्ट्यावर बसवलं आणि स्वतः दरीच्या बाजूला बसल्या. मग बोलायला लागल्या. केळीवर कसला रोग पडलाय, पानवेल बांधायला पूर्वी काय वापरायचे, भाऊ आणि शेजारचा वाडीवाला कुंपणावरून कसे भांडले. तास-दीड तास गेला असेल. घाबरू नको असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. माझा श्वास जागेवर आल्यावर म्हणाल्या, चल, खाली जाऊ. आम्ही माथा न बघताच परतलो.

सोमवारी माझं तोंड कुणाला दाखवू नये असं झालं होतं. पॅकिंगच्या मुलींनी विचारलंच, काय, झाला का किल्ला? मी उत्तर देण्याआधी ताई स्टोअरच्या दारातून म्हणाल्या की त्यांच्या पायात गोळा आला, म्हणून परत यावं लागलं. मुली हसल्या. वय झालं ताई, म्हणाल्या. ज्या बाईनं कधी दुखणं कबूल केलं नव्हतं, तिनं ते हसू ऐकून घेतलं. नंतर मी त्यांना गाठून विचारलं, असं का सांगितलंत. त्या चिठ्ठ्या खिळ्याला लावत होत्या. म्हणाल्या, "तुला परत यायचं हाय ना?"

परत गेले. तो टप्पा मी चौथ्या खेपेला चढले.

हे वाचून कुणाला वाटेल की ताई फार मायाळू होत्या. तशा त्या नव्हत्या. कुणाला ताप आला, कुणाचं मूल पास झालं, याची त्या कधी चौकशी करायच्या नाहीत. पुतणीचा साखरपुडा रविवारी ठरला. त्यांनी भावाला सांगितलं की मी संध्याकाळी येईन, आणि खरोखरच संध्याकाळी आल्या, पाहुणे निघाल्यावर, कोपरं सोललेली आणि केसांत काटक्या. भाऊ वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. एकाच घरात, एकाच चुलीवरचं जेवायचे आणि बोलायचे नाहीत. आणि खरं सांगायचं तर पहिले दोन महिने ताईंना ते कळलंच नाही.

माझे वडील गेले तेव्हा मी तेरावा करून बार्शीहून परत आले. कारखान्यात प्रत्येक जण येऊन काही ना काही बोलून गेला. ताईंनी फक्त विचारलं, रविवारी येणार का. मला फार लागलं ते. रागातच गेले. बसमधून उतरल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली, स्वतःच्या पिशवीवर बांधली आणि दिवसभर दोन्ही ओझी वाहिली. एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाचं ओझं घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. प्रत्येकानं आपलं आपण वाहायचं हा त्यांचा नियम होता. वडिलांबद्दल त्या दिवशीही त्या काही बोलल्या नाहीत. मी मात्र बोलले, उतरताना, जवळजवळ सगळा वेळ. त्या पुढे चालत ऐकत होत्या.

साठाव्या वर्षी ताई निवृत्त झाल्या. स्टोअरची पट्टी गेली, तर त्यांनी वाडीतल्या आंब्याच्या फांदीला लटकायला सुरुवात केली. मीही पुढे ती नोकरी सोडून घराजवळ चंदनसारला एका दुकानात लागले, पण महिन्यातून एक-दोन रविवार आमचे ठरलेले राहिले. ताई सत्तरीत गेल्या. चाल जरा कमी झाली, बाकी काही नाही. पुढे त्याच असायच्या, मागे मी. भावाचा आणि घरातल्यांचा लकडा सुरू झाला होता की आता पुरे. एक दिवस कुठंतरी पडशील आणि आम्हाला शोधत यावं लागेल, असं भाऊ म्हणायचे. ताई ऐकायच्या आणि शनिवारी पिशवी भरायच्या.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. ताईंना बहात्तर पुरी झाली होती. आम्ही कामणदुर्गाला निघालो. त्या टप्प्यावर त्या नेहमीसारख्या दोर न लावता वर गेल्या. माझ्या लक्षात आलं की प्रत्येक खोबणीत हात घालण्याआधी त्या कातळावरून तळवा फिरवत होत्या, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. मला वाटलं, वय झालं, जपून चढतायत. माथ्यावर पोचलो तर सगळीकडे धुकं. आमच्या पायाखालची वीस पावलं दिसत होती, त्यापलीकडे पांढरं. आम्ही पाण्याच्या टाक्याजवळ बसलो. ताईंनी सुकेळी सोडली, समोर बघितलं आणि समाधानानं म्हणाल्या, "आज खाडी कशी लख्ख दिसते."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. एरवी माथ्यावरून जिथं वसईची खाडी दिसते, बरोबर त्याच दिशेला त्या बघत होत्या. गप्प बसावं असं एकदा वाटलं. पण आम्हाला त्याच टप्प्यावरून खाली उतरायचं होतं.

मी म्हणाले, "ताई, खाडी दिसत नाहीये. धुकं आहे."

त्यांनी सुकेळीचं पान नीट घडी करून पिशवीत ठेवलं आणि सांगितलं. वर्ष-दीड वर्ष झालं होतं. आधी बसच्या पाट्या गेल्या, मग माणसांचे चेहरे. आता उजेड आणि सावली एवढंच कळत होतं. दवाखान्यात का गेल्या नाहीत असं विचारलं तर म्हणाल्या की डॉक्टर डोंगर बंद करायला सांगेल आणि भाऊ तेच धरून बसेल. त्या वर्ष-दीड वर्षात त्या कोहोज, टकमक, आशेरी सगळं करून आल्या होत्या, बरेचदा माझ्याबरोबर, आणि मला काही कळलं नव्हतं. "माझ्या हातांना सगळं पाठ हाय," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, दगड निखळतात ताई, ते हातांना कोण सांगणार. त्या पिशवी घेऊन उठल्या.

उतरताना मी त्यांना दोर बांधला. त्यांनी बांधू दिला. दोर वरच्या दगडामागून फिरवून त्याचं दुसरं टोक माझ्या कमरेला बांधलं, मी त्यांच्या खाली राहिले आणि त्यांचं एकेक पाऊल हातात धरून खोबणीत ठेवत गेले. उजवा इथं, आता डावा, थांबा, आता टाका वजन. त्या अगदी लहान मुलीसारख्या सांगितलेलं ऐकत होत्या. मोकळ्या जमिनीवर पाय टेकल्यावर त्यांनी दोर सोडला, ओढून घेतला, गुंडाळला आणि म्हणाल्या, तू बरी उतरवतेस. बावीस वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक.

मंगळवारी मी दुकानातून रजा घेऊन त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेले. सात-आठ वर्षं वाढत असणार, डॉक्टर म्हणाले, आणि इतके दिवस तुम्ही वावरलात कशा. ताईंनी माझ्याकडे तोंड वळवलं. आपण काय सांगायचं नाही, असा त्याचा अर्थ होता. एका महिन्याच्या अंतरानं दोन ऑपरेशनं झाली. मला नेमकं बार्शीला जावं लागलं, आई आजारी होती. मी परत आले तोवर ताईंच्या डोळ्यांत औषध घालायचे दिवसही संपले होते आणि डॉक्टरांनी त्यांना सगळी मोकळीक दिली होती.

आम्ही भेटलो ते सकाळी, कामणच्या बसथांब्यावर. त्या माझ्याकडे एकटक बघत राहिल्या.

"केस पांढरे झाले की गं तुझे," त्या म्हणाल्या. "कधीपासून?"

मी सांगितलं, दीड-दोन वर्षं तरी झाली असतील.

"मला कोनी सांगितलं नाय," असं म्हणून त्या चालायला लागल्या.

रानात त्या सारख्या थांबत होत्या. मुंग्यांची रांग, सागाच्या पानावरची जाळी, काही ना काही बघायला. टप्प्याशी आलो. ताईंनी बाह्या वर सारल्या, पहिल्या खोबणीला हात लावला आणि मान डावीकडे वळवली. वळवली ती तिथंच राहिली. मग त्यांनी हात काढून घेतला, दोन पावलं मागे आल्या आणि कातळाला पाठ लावून खाली बसल्या. मला वाटलं चक्कर आली, मी पाणी पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"एवढं खोल व्हतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, आधीपासून एवढंच आहे.

दहा मिनिटं आम्ही तशाच बसलो. दरीतून वारा येत होता. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं आणि आता काय करावं ते मला कळेना. परत जाऊ या का, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली आणि पिशवीतून दोर काढून माझ्या हातात दिला. "तू आधी जा," म्हणाल्या. "मला वरून धर."

मी वर गेले, खडकाला दोर अडकवला, पाय रोवून बसले. त्या आल्या. कधी नव्हे ते फार वेळ लागला. मध्ये एकदा त्या पूर्ण थांबल्या आणि मला त्यांच्या श्वासाचा आवाज वरपर्यंत ऐकू आला. मी दोर तेवढा ताणून धरला. मग दोर माझ्या हातात हळूहळू सैल व्हायला लागला. त्या माझ्याजवळ पोचल्या तेव्हा त्यांचं तोंड घामानं भिजलं होतं आणि त्या हसत होत्या. माथ्यावर हवा स्वच्छ होती. खाडी दिसत होती. ताई कड्यापासून चांगल्या चार हात मागे बसल्या आणि विरारकडे बोट दाखवून म्हणाल्या, एवढ्या बिल्डिंगा कधी झाल्या.

मी त्यांना होळीला घरी सोडायला गेले. भाऊ ओटीवर बसून विड्याची पानं लावत होते. मोठं पान खाली, लहान वर, असे गठ्ठे त्यांच्यासमोर होते. ताई पाय धुवायच्या आधीच त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आज मी घाबरले. पाय लटलट कापत होते माझे." एखादं बक्षीस मिळाल्यासारखं त्या ते सांगत होत्या.

भाऊंच्या हातातलं पान थांबलं. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम सुटल्यासारखं दिसलं. म्हणाले, "बरं झालं. देवानंच सांगितलं म्हनायचं. मग आता पुरे कर ताय."

"पुरे कसं?" ताई म्हणाल्या. "पन्नास वर्सं भीती नव्हती म्हनून चढले. त्यात माझं काय व्हतं? आता चढते ते माझं." आणि त्या पाय धुवायला मागे निघून गेल्या. जाता जाता माझ्याकडे वळून म्हणाल्या की पुढच्या रविवारी आशेरी, तिथली दरी पण बघायची राहिलीय.

भाऊ पानांकडे बघत बसले. मग त्यांनी विचारलं, "हिच्या पुढं कोन असतं?"

मी म्हणाले, "आता मी असते."

त्यांनी माझे हात बघितले, दोरानं लाल झालेले.

"घट्ट धरा मग," ते म्हणाले, आणि गठ्ठ्यावर पुढचं पान ठेवलं.